सहा जीबीचे फोल्डर, धरमपेठ ते पुणे: टर्मिनलवरून फाईल आणि लिंक कशी पाठवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका लहान सर्वेक्षण कार्यालयातून ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांचे आणि नकाशांचे पाच-सहा जीबीचे फोल्डर दर आठवड्याला पुण्याच्या सल्लागारांकडे जाते. एससीपी या फाईल-नक्कल कमांडने पाठवताना मध्येच लाईट जाते किंवा राउटर रुसतो, नव्वद टक्क्यांवर पोचलेली फाईल पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागते, आणि शेवटी कंटाळून पेनड्राईव्ह पाकिटात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे सोपवला जातो. काटोल आणि कामठीकडच्या ग्राहकांना तेच नकाशे मोबाईलवर उघडतील अशा लिंकने हवे असतात, आणि सॉफ्टवेअर पुरवणारे अधूनमधून लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी, मागतात. प्रश्नकर्त्यांकडे उबुंटू आहे, टर्मिनलची भीती नाही, आणि या सगळ्यासाठी एकच कमांड सांगावी अशी त्यांची विनंती आहे.

एकच कमांड सांगता येणार नाही, कारण ही तीन निरनिराळी कामे आहेत आणि साधन कोणते घ्यावे हे फाईलच्या आकारावरून नव्हे, तर पलीकडे कोण बसले आहे यावरून ठरते. पुण्याच्या सल्लागारांकडे टर्मिनल आहे आणि व्यवहार दर आठवड्याचा आहे. ग्राहकाकडे फक्त फोन आहे. लॉग मागणाऱ्याला दहा मिनिटांपुरता मजकूर पाहायचा आहे. खाली कमांडची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावीत.

प्रथम पुण्याचे काम. येथे एससीपी सोडून आरसिंक वापरा. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेले हे साधन दोन्हीकडच्या फाईलींचे तुकडे पाडून त्यांच्या बेरजा (चेकसम) पडताळते आणि जो भाग पलीकडे नाही तेवढाच तारेवर टाकते. एससीपीला अर्धवट पोचलेल्या फाईलचा काहीच उपयोग करता येत नाही. त्याचा जुना प्रोटोकॉल तर इतका कालबाह्य ठरला होता, की 2019 च्या ओपनएसएसएच 8.0 या त्याच्या मूळ संचासोबत खुद्द त्याच्या कर्त्यांनीच एसएफटीपी हा नवा प्रोटोकॉल किंवा आरसिंक वापरण्याची शिफारस केली आणि 2022 च्या 9.0 आवृत्तीपासून एससीपी आतून एसएफटीपीवरच चालू लागले. नाव तेच राहिले, मात्र तुटलेली फाईल पुढे सुरू करण्याची सोय त्यात तरीही आली नाही.

आरसिंकला छोटा ए, छोटा व्ही आणि मोठा पी हे तीन पर्याय एकत्र द्या. ए मुळे फोल्डरची रचना, वेळा आणि परवानग्या जशाच्या तशा जातात, व्ही मुळे काय चालले आहे ते दिसते, आणि तुमच्या दुखण्यावरचे औषध मोठा पी आहे. हा पर्याय दिला नाही तर जोडणी तुटताच आरसिंकसुद्धा अर्धवट आलेली फाईल पुसून टाकते. दिला तर ती ठेवते आणि पुढच्या वेळी तिचाच आधार घेते. याच्या जोडीला टाइमआउटचा पर्याय साठ सेकंदांचा ठेवा, कारण लाईट जाते तेव्हा जोडणी नेहमी रीतसर तुटत नाही. ती नुसती गप्प होते, आणि टाइमआउट नसेल तर आरसिंक त्या गप्प जोडणीसमोर बराच वेळ बसून राहते. हे सर्व अन्टिलच्या फेऱ्यात गुंडाळा आणि फेऱ्याच्या आत तीस सेकंदांची स्लीप कमांड घाला, म्हणजे कमांड यशस्वी होईपर्यंत दर तीस सेकंदांनी ती आपोआप पुन्हा सुरू होईल. संपूर्ण फेरा टीमक्स या सत्रे जिवंत ठेवणाऱ्या साधनात चालवा, म्हणजे टर्मिनलची खिडकी चुकून बंद झाली तरी काम चालू राहील. आरसिंक ज्या सुरक्षित जोडणीवरून जाते त्या एसएसएचसाठी पासवर्डऐवजी ईडी25519 प्रकारची किल्ली करून घ्यावी लागेल, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला पासवर्ड टाकायला माणूस बसवावा लागेल. राउटरला दोन तास पुरेल असा छोटा इन्व्हर्टर लावा, हाही मी या कमांडचाच भाग समजतो.

दोन बारकावे मात्र सांगितलेच पाहिजेत. पहिला म्हणजे शेवटची तिरपी रेघ. पाठवायच्या फोल्डरच्या नावापुढे ती दिली तर फोल्डरमधला ऐवज जातो, न दिली तर फोल्डर स्वतः ऐवजासकट जाते. एका आठवड्यात रेघ दिली आणि दुसऱ्या आठवड्यात विसरली, तर पलीकडे तोच सहा जीबीचा माल फोल्डरच्या पोटात फोल्डर अशा रूपात पुन्हा नव्याने जातो आणि आरसिंक या वेळी इतका वेळ का घेत आहे हे कोणालाच कळत नाही. दुसरा बारकावा छोट्या झेडचा. बहुतेक जण सवयीने तो लावतात, पण ड्रोनची जेपीईजी छायाचित्रे आधीच दाबलेली असल्यामुळे त्यांना पुन्हा दाबण्यात प्रोसेसर तापतो, आकार कमी होत नाही.

किती वेळ लागेल याचा हिशेब तोंडी करता यावा. इंटरनेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाईल मेगाबाइटमध्ये असते, म्हणून आठाने भागावे. अपलोडचा वेग 20 मेगाबिट असेल तर सेकंदाला अडीच मेगाबाइट जातात आणि सहा जीबीला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. जाहिरातीत दाखवलेला मोठा आकडा अनेकदा डाउनलोडचा असतो, हे हिशेबापूर्वी तपासून घ्या.

आरसिंकसाठी पलीकडे जोडता येईल असा सर्व्हर लागतो. तुमचे कार्यालय किंवा पुण्याचे कार्यालय यांपैकी कोणत्याही एका टोकाला थेट जोडता येईल असे गृहीत धरू नका. अनेक ब्रॉडबँड आणि जवळपास सर्व मोबाईल जोडण्या आज सामाईक पत्त्यामागे असतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी एखाद्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी येऊ शकत नाही असे खुशाल समजा. यावर सरळ उपाय म्हणजे भाड्याचा एक लहान लिनक्स सर्व्हर. दोन्ही कार्यालये त्याला आतून बाहेर जोडतात, तुम्ही तेथे ठेवता आणि ते तेथून उचलतात.

सर्व्हर घ्यायचा नसेल, किंवा एखाद्या वेळी नव्याच माणसाला फाईल द्यायची असेल, तर मॅजिक वर्महोल हे ब्रायन वॉर्नर यांचे साधन मला विशेष आवडते. पाठवणारा वर्महोल सेंड असे टंकून फाईलचे नाव देतो. पडद्यावर एक आकडा आणि दोन इंग्रजी शब्द येतात. ते फोनवरून सांगायचे, पलीकडचा वर्महोल रिसीव्ह असे टंकून ते शब्द देतो आणि फाईल जाते. दोन शब्द म्हणजे फारच तोकडा पासवर्ड, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्येक शब्द 256 शब्दांच्या यादीतून येतो, म्हणजे एकूण शक्यता 65,536 एवढ्याच. पण येथे चोराला अंदाज लावण्याची एकच संधी मिळते. अंदाज चुकला की सांकेतिक शब्द रद्द होतो आणि दोन्ही बाजूंना चूक दिसते. घरी बसून लाखो शब्द लावून पाहण्याची सोय चोराला मिळू नये, अशीच या पद्धतीच्या गणिताची रचना आहे. मधला सर्व्हर गाठ घालून देतो, पण त्याला मजकूर वाचता येत नाही.

वर्महोलची उणीव अशी, की दोन्ही माणसे एकाच वेळी हजर लागतात आणि तुटलेली फाईल पुढे सुरू होत नाही. म्हणून लाईटचा भरवसा नसलेल्या दिवसांत सहा जीबीसाठी मी ते वापरणार नाही, दोनशे मेगाबाइटसाठी आनंदाने वापरेन. क्रॉक नावाचे असेच दुसरे साधन तुटलेली फाईल पुढे नेते. मात्र लिनक्सवर त्याच्या नव्या आवृत्तीत सांकेतिक शब्द कमांडच्या पुढे न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावा लागतो. ही अडवणूक नाही. एका यंत्रावर अनेक वापरकर्ते असतील तर चालू कमांडची यादी सर्वांना दिसते, आणि कमांडपुढे लिहिलेले गुपित त्या यादीत उघडे पडते. कर्ल या डाउनलोडच्या कमांडला पासवर्ड थेट टंकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता ग्राहकांच्या लिंकविषयी, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. लिंक म्हणजे पत्ता, असे आपण समजतो; प्रत्यक्षात बहुतेक लिंका किल्ली असतात. जिच्याकडे लिंक आहे ती व्यक्ती आत येते, मग ती तुमची ग्राहक असो, ग्राहकाचा मेहुणा असो की त्यांच्या व्हॉट्सॲप समूहातला कोणी असो. गुप्त म्हणून केलेली लिंकही कोणाला सहज सापडत नाही एवढ्याच अर्थाने गुप्त असते. त्यामुळे लिंक करतानाच ती किती दिवसांनी मरेल हे ठरवणे, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो.

ॲमेझॉनच्या एसथ्री साठवणीत हा निर्णय कमांडमध्येच घेता येतो. तिच्या प्रीसाइन कमांडने तयार होणारी सही केलेली लिंक काही न सांगितल्यास 3600 सेकंद, म्हणजे एक तास चालते आणि जास्तीत जास्त 6,04,800 सेकंद, म्हणजे सात दिवस चालू शकते. ज्या ओळखपत्राने तुम्ही सही केली ते तात्पुरते असेल, तर मात्र ते संपताच लिंकही मरते, तुम्ही सात दिवस लिहिले असले तरी. साठवण मुंबई विभागात निवडावी. तो विभाग 2016 पासून उपलब्ध आहे.

अशी लिंक हाताळताना एक अपघात जवळजवळ प्रत्येकाच्या हातून एकदा होतो. सही केलेल्या लिंकमध्ये अनेक & चिन्हे असतात, आणि शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, याच्या दृष्टीने & म्हणजे इथवरची कमांड मागे पडद्याआड चालू दे. अवतरणचिन्हांशिवाय लिंक चिकटवून एंटर दाबले की कर्लला पहिल्या & पर्यंतचाच तुकडा मिळतो, सर्व्हर तो नाकारतो, आणि पडद्यावर काहीतरी आकडे चमकून प्रॉम्प्ट परत येतो. फोल्डरमध्ये योग्य नावाची फाईलही दिसते, पण तिचा आकार सहा जीबीऐवजी काही शे बाइट असतो, कारण ती नकाशाची फाईल नसून सर्व्हरने दिलेला नकार असतो. म्हणून लिंक नेहमी एकेरी अवतरणात द्यावी, आणि कर्लला छोटा एफ द्यावा, म्हणजे तो नकाराचे पान फाईल म्हणून साठवणार नाही. मोठा एल दिला की लिंक दुसरीकडे वळवलेली असली तरी तो मागोमाग जातो, आणि मोठा सी व त्यापुढे स्वतंत्र आडवी रेघ दिली की तुटलेले डाउनलोड पुढे सुरू होते.

डब्ल्यूगेट हे डाउनलोडचे दुसरे साधन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत आहे. कर्लमध्ये मोठा ओ म्हणजे मूळ नावाने साठव आणि छोटा ओ म्हणजे मी सांगतो त्या नावाने साठव. डब्ल्यूगेटमध्ये मोठा ओ म्हणजे मी सांगतो त्या नावाने, आणि छोटा ओ म्हणजे नोंदी त्या फाईलमध्ये लिही. शिवाय डब्ल्यूगेटला नाव दिलेच नाही तर लिंकमधले प्रश्नचिन्हापुढचे सगळे लांबण तो फाईलच्या नावाला जोडतो आणि कधीकधी नाव फार मोठे झाले म्हणून थांबतो. इतकी वर्षे ही दोन्ही साधने वापरूनही मी हे अक्षर टंकण्यापूर्वी अर्धा क्षण थांबतो.

नावांचा विषय निघालाच आहे तर मराठी नावांविषयी सांगतो. फाईलचे नाव देवनागरीत ठेवायला लिनक्सची काही हरकत नाही, पण लिंकमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांचा होतो. नागपूर या शब्दात काना आणि उकार धरून सहा चिन्हे आहेत. लिंकमध्ये त्याची चोपन्न अक्षरे होतात, आणि एवढी लांब लिंक काही ॲप मध्येच तोडून अर्धीच निळी करतात. याहून फसवा प्रकार वऱ्हाड या शब्दाचा. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकच अखंड चिन्ह म्हणून लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी नावे आहेत. एका कीबोर्डवर केलेली फाईल दुसऱ्या कीबोर्डवर टंकलेल्या नावाने सापडत नाही. कार्यालयाचा कारभार मराठीत चालावा या मताचा मी आहे, तरी लिंकवर जाणाऱ्या फाईलला रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच द्यावे, आणि मराठी शीर्षक निरोपात लिहावे.

ग्राहकांना गुगल ड्राइव्हची सवय असेल तर आरक्लोन हे साधन घ्या. त्याची कॉपी कमांड फोल्डर ड्राइव्हवर नेते आणि लिंक कमांड वाटण्याजोगी लिंक छापते. मात्र आरक्लोनमधील सिंक ही कमांड कॉपीचे सुधारित रूप समजू नका. ती दोन्ही बाजू सारख्या करते, म्हणजे उगमस्थानी जे नाही ते गंतव्यस्थानी पुसते. दोन नावांची अदलाबदल झाली तर रिकामे फोल्डर भरलेल्या फोल्डरवर विजय मिळवते. ती चालवायचीच असेल तर आधी ड्राय-रनचा पर्याय लावून ती काय पुसणार आहे ते वाचा. आणि काम संपल्यावर ड्राइव्हवरची सार्वजनिक परवानगी काढली गेली आहे, हे ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष पाहूनच निश्चिंत व्हा.

स्वतःचा सर्व्हर घेतलाच असेल तर लिंकही तेथूनच देता येते. ओपनएसएसएलच्या रँड कमांडकडून सोळा बाइटचे यादृच्छिक नाव मागा, त्या बत्तीस अक्षरी नावाचे फोल्डर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या जागेत करा, फोल्डरची यादी दाखवण्याची सोय बंद ठेवा, आणि सात दिवसांपेक्षा जुने फोल्डर रोज रात्री पुसणारी ओळ क्रॉन या कामांच्या वेळापत्रकात घाला. एकदाच उघडणारी लिंक देणाऱ्या सेवाही आहेत, पण ईमेल तपासणारी काही सुरक्षा साधने माणसाच्या आधी लिंक उघडून पाहतात, त्यामुळे ग्राहक येईपर्यंत ती वापरून संपलेली असते आणि ग्राहक तुम्हाला दोष देतो.

एकाच खोलीतल्या दोन संगणकांसाठी पायथॉनचा लहान सर्व्हर सर्वांना ठाऊक असतो: पायथॉनला एचटीटीपी डॉट सर्व्हर हे मॉड्यूल चालवायला सांगितले की चालू फोल्डर 8000 क्रमांकाच्या पोर्टवर उघडे होते. मीही तो अनेक वर्षे बेफिकीरपणे वापरत असे. एकदा दोन मजल्यांसाठी एकच वायफाय असलेल्या इमारतीत मी तो घरच्या फोल्डरमध्ये सुरू केला, फाईल देऊन झाली, आणि बंद करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या परिचितांचा फोन आला. ते अतिशय अदबीने म्हणाले, "साहेब, तुमचे पॅन कार्ड आम्हाला दिसते आहे, काही हरकत नाही ना?" त्या फोल्डरात एसएसएचची किल्लीही होती. ती त्याच दुपारी बदलली, आणि ती कुठल्या कुठल्या सर्व्हरवर घातली होती हे आठवण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून देण्याची फाईल मी आधी एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवतो, सर्व्हर तेथेच सुरू करतो, आणि तो दहा मिनिटांनी आपोआप मरेल अशी टाइमआउट कमांड त्याच्या आधी लावतो.

लॉगचे काम सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत निष्काळजीपणे केले जाणारे. लॉगचा मजकूर नेटकॅट या साधनातून टर्मबिन डॉट कॉमच्या 9999 पोर्टवर ओतला की एक छोटी लिंक परत येते. गिटहबचे टर्मिनल साधन वापरत असाल तर त्याची जिस्ट कमांड तेच करते. जिस्ट सुरुवातीलाच गुप्त प्रकारची होते, पण वर सांगितलेल्या अर्थानेच गुप्त, लिंक असलेला कोणीही ती वाचू शकतो. पाठवण्यापूर्वी लॉग एकदा लेस या वाचन-कमांडमध्ये उघडून पासवर्ड, टोकन आणि ग्राहकांचे फोन क्रमांक यांचा शोध घ्या. पूर्ण लॉग न पाठवता चुकीच्या आधीच्या आणि नंतरच्या पन्नास ओळी पाठवल्या तर समोरच्याचेही काम हलके होते.

जे दुसऱ्याने वाचायला नको ते कोणत्याही मार्गाने जाण्यापूर्वी कुलूपबंद व्हावे. त्यासाठी एज हे साधन पुरेसे आहे. छोटा पी दिला की ते परवलीचा वाक्यांश मागते, आणि पुण्याच्या सल्लागारांची सार्वजनिक एसएसएच किल्ली तुमच्याकडे असेल तर वाक्यांशाचीही गरज नाही, त्या किल्लीनेच कुलूप लावता येते. वाक्यांश वापरलाच तर तो फोनवर सांगावा. ज्या ईमेलमध्ये लिंक आहे त्याच ईमेलच्या शेवटी वाक्यांश लिहिलेला मी इतक्यांदा पाहिला आहे, की ते पाहून आता रागही येत नाही.

राहिला ट्रॅव्हल्सचा प्रश्न. सहा जीबीसाठी तो मार्ग आता बंद करा, पण पूर्णपणे मोडीत काढू नका. एक टेराबाइटची डिस्क चौदा तासांत पुण्याला पोचली तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे 159 मेगाबिट पडतो. तीच डिस्क 20 मेगाबिटच्या अपलोडने पाठवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतील. वर्षअखेरीचा सगळा संग्रह द्यायचा असेल तेव्हा बसच जिंकते. फक्त डिस्क एलयूकेएस या लिनक्सच्या डिस्क-कुलपाने कुलूपबंद करा, आणि पाकीट बसमध्ये चढण्याच्या आदल्या रात्री सर्व फाईलींच्या एसएचए256 बेरजांची यादी ईमेलने पाठवा. पुण्यात डिस्क जोडल्यावर एसएचए256सम कमांडला छोटा सी देऊन तीच यादी तपासली, की वाटेतल्या दचक्यांनी एखादा बाइट हलला आहे का ते कळते, आणि बिघडलेली एखादीच फाईल असेल तर तेवढी आरसिंकने पाठवता येते.